खांबावरची काच

आमच्या बिल्डिंगमध्ये काही बिघडलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. त्यात त्यांची चूक नाही. गच्चीवरच्या टाकीचा कॉक उलटा फिरवून ऐन नरकचतुर्दशीच्या पहाटे अख्ख्या बिल्डिंगला उटण्यासकट कोरडं बसवणारा मीच. बायकोला पाठवायचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकून 'सेक्रेटरीचं डोकं पुन्हा सटकलंय, येताना कोथिंबीर आण' असं सेक्रेटरीसकट सर्वांना कळवणाराही मीच. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. लोक हसतात, मीही हसतो. पण सव्वीस जानेवारीला जे झालं ते लोक अजून हसत हसत सांगतात आणि मला मात्र ते ऐकताना हसता येत नाही.

बिल्डिंग बोरीवली पूर्वेची. वयाने माझ्याहून थोडी लहान, आणि माझ्यासारखीच बाहेरून रंगरंगोटी करून वेळ मारून नेणारी. लिफ्ट नाही. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, जिन्याच्या तोंडाशी एक खांब आहे. त्याचं अर्धं अंग पॅसेजमध्ये आणि अर्धं तळमजल्यावरच्या काका-काकींच्या खोलीत. काका मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून इकडे आले. त्यांची खाट त्याच खांबाला टेकून. तोच खांब वर चढत चढत दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात येतो. तिथे त्याला टेकून आमचा तांदळाचा डबा असतो. म्हणजे असायचा.

त्या खांबाला भेग पडली. बोट मावणार नाही, पण नख जाईल एवढी. भेग पडताच बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. एका पक्षाला ही बिल्डिंग पाडून टॉवर हवा होता, त्यांना भेग रोज वाढताना दिसायची. दुसऱ्याला घर सोडायचं नव्हतं, त्यांना ती प्लास्टरची पोपडी दिसायची. शेवटी एक इंजिनीअर बाई आली. तरुण, कमी बोलणारी. तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन गोळे थापले आणि त्यांवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवली, ओहोळावर साकव टाकावा तशी. म्हणाली, "भेग हलली तर काच तुटेल. नाही हलली तर राहील. कोण काय म्हणतं ते ऐकू नका, काच बघा."

त्यानंतर दूध आणायला जाणारा प्रत्येक माणूस आधी काच बघायचा. देवळात घंटा वाजवतात तसं काहीजण बोटाने टिचकीही मारायचे, मग सेक्रेटरी ओरडायचे. मला ती काच आवडायची. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्याही पक्षात नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सार्वजनिक सत्यनारायण असतो. सकाळी झेंडा, मग पॅसेजमध्ये चौरंग, केळीचे खांब, शिरा. लाइटच्या माळा लावायचं काम माझ्याकडे, कारण माझी उंची चांगली आहे. बाकी कशाची खात्री नसल्यामुळे मला तेवढंच देतात. मी स्टुलावर चढलो, पाठ खांबाकडे, तोंडात सेलोटेप. माळ ओढली, तोल गेला, कोपर मागे खांबाला लागलं. आणि टिच् असा आवाज झाला.

वळून बघितलं तर काच तुटून लोंबत होती.

आता जे सांगतो ते मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आलो आहे. माझं कोपर खांबाला लागलं, हे खरं. ते काचेला लागलं की वरच्या प्लास्टरला, ते मला माहीत नाही. टिच् हा आवाज कोपर लागल्यावर झाला की जरा आधी, तेही माहीत नाही. कदाचित मी फोडली. कदाचित ती तुटली आणि मी नेमका तिथे होतो. माझं सगळं आयुष्य नेमकं तिथे असण्यात गेलं आहे.

मी स्टुलावरून उतरेपर्यंत सेक्रेटरी आले. पूजेच्या जागी फुटकी काच बघून त्यांचा चेहरा उतरला. चौरंग मांडलेला, भटजी गाडी लावत होते. त्यांनी कुणालातरी सुपली आणायला लावली, तुकडे गोळा केले, खांबावरचे प्लास्टरचे गोळेही स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढले, आणि सगळं गेटवर उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाडीत गेलं. मी म्हणत होतो की इंजिनीअरला दाखवायला तुकडे ठेवू या. ते म्हणाले, पूजा होऊ दे, शुभ कामात फुटकी काच घरात ठेवत नाहीत. गाडी निघून गेली. कथेत साधुवाण्याचा अध्याय सुरू झाला तेव्हा मी खांबाकडे पाठ करून बसू शकलो नाही. तोंड करूनही बसू शकलो नाही.

भीतीने मला एक सवय लावली आहे, लगेच बोलून टाकायची. तीर्थ घेण्याआधीच मी ग्रुपवर लिहिलं की काच तुटली तेव्हा मी तिथे होतो, माझ्या धक्क्याने तुटली असेल किंवा आपोआप तुटली असेल, मला नक्की माहीत नाही, तरी इंजिनीअरला ताबडतोब बोलवावं. एवढं साधं. आरती संपेपर्यंत माझ्या मेसेजचे दोन फोटो फिरू लागले. एकात वरचा भाग कापून फक्त 'आपोआप तुटली' एवढं ठेवलं होतं. दुसऱ्यात खालचा भाग कापून 'माझ्या धक्क्याने तुटली' एवढंच. दोन्ही अक्षरं माझीच. समोरच्या वाण्याकडे संध्याकाळी साखर आणायला गेलो तर त्याने हात जोडून विचारलं, "भाऊ, पूजेत स्लॅब पडला म्हणे, कोणी गेलं का?"

पुढच्या रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. एक खुर्ची मधोमध ठेवून त्यावर मला बसवलं. टॉवरवाल्यांचं म्हणणं, मला दुसऱ्यांनी पढवलंय, काच भेगेनेच तुटली आणि मी नसता आळ अंगावर घेतोय. दुसऱ्यांचं म्हणणं, मी बिल्डरचा माणूस, मुद्दाम फोडली. मी म्हटलं, अहो, दोघांचंही मला माहीत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, हो की नाही तेवढं सांग ना यार, उन्हात बसलोय. मी पुन्हा म्हणालो, माहीत नाही. तेव्हा सेक्रेटरी उठले आणि शांतपणे म्हणाले, "ह्यांचं काय घेऊन बसलात? ह्यांना स्वतःची कोथिंबीर कुठे पाठवायची ते माहीत नसतं."

गच्ची हसली. मीही हसलो, सवयीने. त्या हशातच विषय मिटला. अपघात होता, नवी काच नंतर बघू, इंजिनीअरला परत बोलवायचं तर सर्वांच्या सोयीने, असं ठरलं. मला नंतर पुष्कळदा वाटलं की मी तिथे सरळ खोटं बोललो असतो, कुठलंही, तर निदान निम्म्या लोकांनी ते गंभीरपणे घेतलं असतं.

आणि मग खांबाला बॅनर आला. वॉर्डातल्या एका होतकरू नेत्याचा वाढदिवस होता. हात जोडलेले, पांढराशुभ्र सदरा, दात. कुणी बांधला कळलं नाही; तारेने चांगला आवळून भेगेच्या बरोबर वर बांधला होता. वाढदिवस झाला, बॅनर राहिला. माणसं दूध आणायला जाताना त्याच्याकडे बघायची आणि त्याच्या हसण्याने त्यांना बरंच बरं वाटत असावं. भेग दिसत नव्हती म्हणजे नव्हतीच.

मला ती दिसायची. आमच्या स्वयंपाकघरात तो खांब गुळगुळीत होता, ऑइलपेंटचा, आणि मी चहा पिता पिता त्याच्यावर तळहात ठेवून बसायचो. वरच्यांचा मिक्सर लागला की मला तो हातात जाणवायचा. रस्त्यावरून टँकर गेला की कपातला चहा हलायचा, निदान मला तसं वाटायचं. मी तांदळाचा डबा उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला. माळ्यावरचे तांब्याचे हंडे बहिणीकडे पोचवले. घरात चवड्यांवर चालू लागलो. बायकोने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "चवड्यांवर चाललास म्हणून वजन कमी होत नाही." पण एकदा मी पाहिलं, पोळ्या भाजताना तिचा डावा हात खांबावर होता.

एका सकाळी काकांनी जिन्यात अडवलं. बॅनरच्या मागे बोट दाखवून म्हणाले, "झिला, खरा काय ता सांग. ह्यो खांब पडतलो काय?"

मी म्हणालो, "काका, मला माहीत नाही."

मला वाटलं, हेही आता हसणार. ते हसले नाहीत. त्यांची खाट भिंतीपलीकडे त्याच खांबाला टेकून होती, त्यांना हसण्याची सवलत नव्हती. म्हणाले, मग माहीत करून घ्यायला काय लागतं?

मी इंजिनीअर बाईला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, तुकडे आहेत का. मी म्हटलं, नाहीत. मग तिने सांगितलं की तुकडे असते तर तिला कळलं असतं. धक्क्याने फुटलेल्या काचेला जिथे मार बसतो तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. भेगेने ओढलेली काच सरळ एका रेषेत तुटते. म्हणजे जे मला ठाऊक नव्हतं ते त्या काचेला ठाऊक होतं, आणि आम्ही तिला सकाळच्या केराबरोबर कचऱ्याच्या गाडीत घालून दिली होती. सोसायटीने बोलावल्याशिवाय मला येता येत नाही, ती म्हणाली, पण खोलीच्या आतल्या बाजूने भेग दिसत असेल तर तिथे तुम्हीच काच बसवा. कशी बसवायची ते समजावून सांगितलं. तुटली तर मला त्याच दिवशी कळवा, म्हणाली, थांबू नका. मीच विचारलं, थांबलं तर काय. ती म्हणाली, "थांबू नका."

आतल्या बाजूने भेग होती. काकांच्या उशीच्या बरोबर वर, रंगाखालून केसासारखी उतरलेली. काचेसाठी मी आमच्या लग्नाच्या फोटोची काच काढली. बायको म्हणाली की नाहीतरी त्यात तुझे डोळे मिटलेलेच आहेत. फ्रेमवाल्याने पट्टी कापून दिली पण एका टोकाचा टवका उडाला, चंद्रकोरीएवढा. ती पट्टी मी आणि काकांनी बसवली. काकी दिवा धरून उभ्या. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, कारण सांगितलेल्या गोष्टीचं काय होतं ते आम्ही पाहिलं होतं.

मग एक पद्धत पडली. दिवेलागणीला काका काच बघायचे, खिडकीत यायचे आणि वर तोंड करून एकच शब्द ओरडायचे, "आसा!" आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायचो. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बाईंना वाटायचं की म्हातारा देवाचं काहीतरी म्हणतो. त्या एका शब्दावर मी जेवायचो, झोपायचो. हळूहळू टाचा टेकून चालू लागलो. तांदळाचा डबाही परत खांबापाशी गेला.

पावसाळा झाला, गणपती झाले. काकींनी सोलकढी पाठवली होती, तिचं भांडं द्यायला मी एका संध्याकाळी खाली गेलो. काका खाटेवर बसले होते. मी सहज काचेकडे पाहिलं. अखंड होती, स्वच्छ होती. टवका नव्हता.

दुसऱ्या टोकाला असेल म्हणून मी वाकून बघितलं. तिथेही नव्हता. काच जाड होती, कडेने हिरवट.

"काका, ही माझी काच नाही."

"काचेर काय नाव लिवलेला आसता?"

"टवका कुठे गेला?"

 काकांनी उशी उचलून पुन्हा ठेवली. मी विचारलं, कधी तुटली. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगीतली माणसा गेली ती गेलीच. पत्र्यामागे आता झाडा रुजली. आमी खंय जावचा, सांग."

समोर खरंच पत्रे होते. आतली बिल्डिंग धोकादायक म्हणून रिकामी केली, पाडली, आणि नवी उभीच राहिली नाही. तिथली माणसं विरार, बदलापूर, कुठे कुठे गेली. एक आजोबा मधूनमधून येऊन पत्र्याच्या फटीतून बघायचे, नंतर तेही यायचे बंद झाले. पण मला त्या क्षणी काकांची दयासुद्धा आली नाही, खरं सांगतो. मला फक्त त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या, जेव्हा मी खिडकीतून हात हलवला होता. किती संध्याकाळी? काच तुटली होती आणि खालून "आसा!" येत होतं, त्याच ठणठणीत आवाजात, आणि मी वर डाळभात जेवून खांबाला टेकून ढेकर देत होतो. मी खाटेवर बसलो, मग ती खाट कशाला टेकलीय ते आठवून उठलो.

काकी आत गेल्या. डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या हातात फडक्याची पुरचुंडी घेऊन. सोडली, तर आत माझ्या काचेचे दोन तुकडे. एकाला टवका.

त्या हळूहळू सांगत होत्या. दोघं चहा पीत बसलेली असताना काच तडकली. कुणी जवळ नव्हतं. काकांनी लगेच ती काढली, बाहेर टाक म्हणाले. पण तिन्हीसांज झालेली. दिवा लागल्यावर घरातला केर बाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते; म्हणून बांधून ठेवली, सकाळी टाकू म्हणून. सकाळी हात होईना. तेव्हापासून तांदळाच्या डब्यामागे होती. "टिच् केल्यान," त्या म्हणाल्या, "बस, तेवढाच."

तो आवाज मला माहीत होता.

मी तुकडे प्रकाशात धरले. जाळं नव्हतं, तडे नव्हते. एक सरळ रेघ, सुरीने कापावी तशी. मी निघालो आणि दारातच थांबलो. फुटकी काच घेऊन मी वर जाणार, मी, आणि म्हणणार की ही आपोआप तुटली. सगळी बिल्डिंग विचारणार की स्टूल कुठे ठेवलंस. मी तसं बोलूनही दाखवलं. काकींनी पदर खोचला आणि चपला शोधू लागल्या.

काका म्हणाले, "गो, गप रव. खंय चललंस?"

"मी येतंय ह्येच्याबरोबर," त्या म्हणाल्या. काकांकडे बघून नाही, चपलेकडे बघून.

सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा टीव्ही चालू होता. काकींनी पुरचुंडी त्यांच्या शूज ठेवायच्या रॅकवर सोडली आणि सगळं सांगितलं, कधी, कसं, कोण कुठे बसलं होतं. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काकी, हे सगळं तुम्हाला ह्यांनी शिकवलं का?"

"ह्यो माका काय शिकवतलो?" काकी म्हणाल्या. "ह्येका दूध उतू गेलेला कळणा नाय."

एवढी बदनामी मला कधी इतकी गोड लागली नव्हती. सेक्रेटरींनी टीव्हीचा आवाज बंद केला, तुकडे हातात घेतले आणि टवक्यावर अंगठा फिरवला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तोच खांब त्यांच्या देवघरामागून जातो. ते मागे वळून तिकडे बघत होते.

इंजिनीअर बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तुकडे पाहिले, सरळ जाऊन बॅनरच्या तारा कापल्या. होतकरू नेता हात जोडलेलाच खाली आला. पूर्वी भेगेत नख जात होतं. मी नको ते करायला गेलो. माझी करंगळी आत शिरली.

दुपारपर्यंत लोखंडी टेकू आले. काकांच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत उभे केले, खाट स्वयंपाकघरात सरकवली. घर सोडावं लागलं नाही, अजून तरी. खांबाला बाहेरून लोखंड-काँक्रीटचा जाड थर द्यायचा आहे म्हणतात, त्याच्या मीटिंगा चालू आहेत, पक्ष पुन्हा दोन आहेत. मागच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यांनी वेळीच दक्षता दाखवली म्हणून. काकींचं नाव कुणी घेतलं नाही. माझं घेतलं, पण स्टुलाच्या संदर्भात. नव्या भाडेकरूंना तो किस्सा माहीत नव्हता, त्यामुळे तो पहिल्यापासून सांगावा लागला. आता त्यात मी हातोडी घेऊन चढतो.

काका माझ्याशी बोलत नाहीत. टेकूंमधून वाट काढत मोरीत जातात, येताना एखाद्या टेकूला चापट मारतात. टेकू आले तेव्हा इंजिनीअर बाईने खांबावर आत आणि बाहेर नव्या काचा बसवल्या. हाक द्यायची काकांनी सोडली आहे.

दिवेलागणीला आता काकी खिडकीत येतात. मोठ्याने ओरडणं त्यांना जमत नाही, म्हणून मी आधीपासूनच खिडकीत वाकून उभा असतो. "आसा," त्या म्हणतात. "मी बघलंय."

मी हात हलवतो. मग चपला घालून खाली जातो. काकींना त्याचा राग येत नाही. त्या दार उघडून, मला काच दिसेल अशा बाजूला सरकून उभ्या राहतात.